जुन्या बाजारातली तीन पोस्टरं: अस्सल, री-रिलीज की नुसती नक्कल?

घडीमोड

नमस्कार मंडळी. पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडे तीन पोस्टरं बघून ठेवली आहेत. तिन्ही 'ओरिजिनल' आहेत असं तो सांगतो. भाव तिन्हींचा मिळून लावलाय, सुटं द्यायला तयार नाही. रविवारी बाजार परत भरेल तेव्हा हो-नाही सांगायचंय. वर्णन देतो.

१. मदर इंडिया. ३० बाय ४० इंच, घडीचं, कागद पातळ आणि पिवळट. तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत प्रेसचं नाव आणि पुढे 'बॉम्बे-४०० ००४'.
२. दीवार. २० बाय ३०, कागद जाडसर, तुकतुकीत. घड्यांच्या रेषा दिसतात, कडा तपकिरी.
३. पिंजरा. ३० बाय ४०, सोळा चौकोनांची घडी. तळाशी 'बॉम्बे-४'. मागे दोन ठिकाणी सेलोटेप, एका कोपऱ्यात काळपट हिरवे ठिपके.

यातलं खरं जुनं कुठलं? तपासायला बरोबर काय न्यावं? आणि घेतलीच तर पुढे काय करायचं? फ्रेमवाला म्हणतो लॅमिनेशन करून सनबोर्डवर चिकटवू, म्हणजे कायमचं टिकेल. शिवाय अमेरिकेतल्या मावसभावाला यातलं एक हवंय, त्यात काही कायद्याची अडचण येते का?

तळओळ

फ्रेमवाल्याला आजच नाही म्हणून कळवा. कारण खाली कुणीतरी सविस्तर लिहीलच.

आता 'ओरिजिनल' या शब्दाबद्दल. विक्रेता खोटं बोलतोय असं लगेच धरू नका. या धंद्यात तीन वेगळ्या वस्तूंना हा एकच शब्द वापरतात. एक, सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हाचं पोस्टर. दोन, री-रिलीजचं, म्हणजे तोच सिनेमा पुन्हा थिएटरला लावण्यासाठी नव्याने छापलेलं. तीन, भिंतीवर लावायला अलीकडे छापलेली नक्कल. पहिली दोन्ही खरीखुरी सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी छापलेली असतात, तिसरीचा थिएटरशी काडीचा संबंध नसतो.

आपल्याकडे री-रिलीजची पोस्टरं इतकी जास्त का, तर वितरणाचे हक्क टेरिटरीवार, म्हणजे एकेका प्रदेशापुरते, आणि ठरावीक मुदतीचे असायचे. मुदत संपली की हक्क दुसऱ्या वितरकाकडे. तो नवीन प्रिंटा काढणार आणि नवीन पोस्टरं छापणार. मदर इंडिया तर १९५७ पासून पार नव्वदीच्या दशकापर्यंत कुठे ना कुठे लागतच राहिला. तेव्हा 'मदर इंडियाचं जुनं पोस्टर' यात चाळीसेक वर्षांचा पसारा येतो.

तुमच्या पहिल्या पोस्टरचा निकाल मात्र तळओळीतच, म्हणजे तळाशी छापलेल्या प्रेसच्या नाव-पत्त्यातच लागलाय. पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी मुंबईच्या पत्त्यात नुसता विभागाचा आकडा असायचा: गिरगाव म्हणजे बॉम्बे-४, परळ म्हणजे बॉम्बे-१२. '४०० ००४' छापलेला कागद १९५७ चा असूच शकत नाही. री-रिलीज आहे किंवा री-रिलीजची नक्कल आहे. पहिल्या प्रदर्शनाचं नाही, एवढं पक्कं.

याच्या उलटं मात्र चालत नाही. पिंजरावर 'बॉम्बे-४' आहे म्हणून ते १९७२ च्या ऑगस्टआधीचंच, असं म्हणता येणार नाही. पिन कोड आला तरी प्रेसवाले पुढची कित्येक वर्षं जुनाच पत्ता छापत होते. पोस्टरवरची प्रत्येक खूण 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगते. 'इतकं जुनं आहे' असं कुठलीच एक खूण सांगत नाही. हे डोक्यात ठेवलंत की निम्मी फसवणूक टळते.

अशाच आणखी खुणा: पत्त्यात 'बॉम्बे'ऐवजी 'मुंबई' इंग्रजीत असेल तर १९९५ नंतरचं. आठ आकडी फोन नंबर असेल तर या शतकातलं. मदर इंडियावर ऑस्कर नामांकनाचा उल्लेख असेल तर १९५८ किंवा नंतरचं, कारण सिनेमा ऑक्टोबर १९५७ चा आणि तो सोहळा मार्च १९५८ चा. नर्गिसच्या नावामागे 'पद्मश्री' असेल तरी तेच, किताब १९५८ चा आहे. मुगल-ए-आझम पूर्ण रंगीत म्हणून मिरवत असेल तर २००४ चं री-रिलीज, नया दौर तसाच असेल तर २००७ चं.

चेहऱ्यांच्या आकाराकडेही बघा. आनंद १९७१ चा, तेव्हा अमिताभ बच्चन नवखे होते. जंजीर १९७३ चा. आनंदच्या पोस्टरवर त्यांचा चेहरा राजेश खन्नाच्या बरोबरीने किंवा मोठा असेल तर नंतरच्या वितरकाने तिकीटबारी डोळ्यांसमोर ठेवून नवं डिझाइन करून घेतलं असावं, अशी शंका घ्यायची.

दहा_एक्स

तळओळीची बात वर आलीच आहे. मी छपाईबद्दल लिहितो.

बरोबर न्यायच्या वस्तू: १० पटीचं भिंग (घड्याळजी किंवा जवाहिरे वापरतात ते चालतं), स्टीलची मोजपट्टी आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. नोटा तपासायचे स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ चे असतात. त्यांचा जांभळा उजेडच इतका पडतो की कागदाची चमक कळत नाही.

भिंग आधी चेहऱ्यावर धरा, मग अक्षरांवर. दोन्ही बघितल्याशिवाय मत बनवू नका.

साठ-सत्तरच्या दशकातलं पोस्टर बहुधा असं तयार व्हायचं: चित्रकार रंगवलेलं किंवा फोटोवर रंग चढवलेलं मूळ चित्र देणार, प्रेसमध्ये जाळी लावून त्याचे चार रंग वेगळे करणार, ऑफसेटवर छापणार. त्यामुळे चेहऱ्यावर भिंग धरलं की निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा ठिपक्यांची छोटी छोटी फुलं दिसतात. सिनेमाचं नाव, श्रेयनामावली आणि प्रेसची ओळ मात्र वेगळी रेषाकामात केलेली असते. ती भरीव असते, तिच्यात ठिपके नसतात आणि कडा साफ असते.

नक्कल करणारा सगळं पोस्टर एकदम स्कॅन करतो. मग अक्षरंसुद्धा चार रंगांच्या ठिपक्यांत फुटतात. काळ्या अक्षराच्या कडेला निळे-गुलाबी कण दिसले की समजायचं. चेहऱ्यावर तर जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसतात, आणि थोडं लांबून पाहिलं की रेशमी साडीवर उठते तशी लहर दिसते. इंकजेटवर काढलेली नक्कल असेल तर फुलं नसतातच, तुषार उडाल्यासारखे विस्कळीत कण असतात.

लिथोचं काम वेगळंच. पन्नाशीच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच पोस्टरांत प्रत्येक रंग कारागिराने हाताने दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर काढलेला असतो. भिंगाखाली ठरावीक जाळी दिसत नाही, खडूने घासल्यासारखा रवा दिसतो आणि एकावर एक सपाट रंगांचे थर. 'लिथो आहे' म्हणून विकलेल्या पोस्टरात ठिपक्यांची फुलं दिसली तर तिथेच बोलणं संपलं.

आता तुमचं दीवार. मला फोटोसुद्धा नको. १९७५ चं थिएटरचं पोस्टर असं जाड, तुकतुकीत कागदावर सहसा येत नाही. ती पोस्टरं भिंतीला खळ लावून चिकटवायची, दोन-तीन आठवड्यांत वर दुसरं लागणार, त्यासाठी स्वस्त, पातळ कागद वापरायचे. घडी खरी आहे का छापलेली, हे अंगठ्याच्या नखाने नव्हे तर उजेडाने बघा. मोबाइलचा टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा. खऱ्या घडीला उंचवटा असतो, तिची सावली पडते, आणि घडीवर शाई तुटून पांढरे तंतू वर आलेले असतात. छापलेल्या घडीवर बोट सरळ घसरतं.

तपकिरी कडांचंही तसंच. घडीत राहिलेल्या कागदाचा बाहेरचा चौकोन सर्वांत मळलेला असतो, आतले चौकोन उजळ राहतात. पिवळेपणा कडेकडून आत येतो. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद सगळीकडे सारखा तपकिरी होतो आणि घडीच्या खाचेत रंग साचून गडद रेघ उठते.

टॉर्चबद्दल एक सावधगिरी. कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं १९५० च्या दशकापासून वापरात आली. १९४० चं म्हणून विकलेलं पोस्टर टॉर्चखाली निळं-पांढरं लखलखलं तर ते नवं आहे. पण तुमची तिन्ही त्यानंतरच्या सिनेमांची. तिथे कागद मंद दिसला म्हणून आनंदून जाऊ नका, रद्दीच्या प्रतीचा आजचा कागदही मंदच दिसतो.

घडीमोड

फार आभार. रविवारी भिंग घेऊन गेलो. जे दिसलं ते:

दीवार: अक्षरांत ठिपके आहेत. घडीची सावली पडत नाही. मोजमाप ५०८ बाय ७६२ मिलिमीटर, चारही बाजू मशीनने कापल्यासारख्या नेमक्या.

मदर इंडिया: चेहऱ्यावर फुलं, अक्षरं भरीव. पिवळा रंग एका बाजूला जवळजवळ १ मिलिमीटर बाहेर सरकलाय. मागच्या बाजूला जांभळ्या शाईचा गोल शिक्का, पुसट, अर्धा वाचता येतो.

पिंजरा: अक्षरं भरीव. कागद घडीवर तडकतोय, म्हणून पूर्ण उलगडू दिलं नाही, वरचा अर्धाच भाग पाहिला. देवनागरीत 'पिंजरा', खाली इंग्रजीत.

विक्रेता म्हणतो, दीवार वगळून दोन्ही घ्या, पण भाव तोच. मदर इंडिया री-रिलीज आहे म्हटल्यावर त्याचा भाव पडायला नको का?

शोकार्ड

मदर इंडियावरचा सरकलेला पिवळा आणि मागचा शिक्का ही चांगलीच लक्षणं आहेत. रंग सरकणं म्हणजे घाईत चाललेलं ऑफसेट, त्या काळी सर्रास व्हायचं. शिक्का बहुधा वितरकाचा किंवा थिएटरचा. भिंगातून आणि तिरप्या उजेडात वाचायचा प्रयत्न करा. गाव कळलं तर टेरिटरी कळते, आणि कधीकधी तारीखही असते. शिक्का पुसायचा नाही, आणि त्याला पाणी तर अजिबात लावायचं नाही. जांभळी शाई लगेच फुटते.

भाव पडायला हवा, पण किती, ते चित्रावर ठरतं. पहिल्या प्रदर्शनाचंच चित्र पुन्हा छापलं असेल तर री-रिलीज हे स्वस्तातलं दुय्यम. नव्याने रंगवून घेतलेलं असेल तर ती स्वतंत्र कलाकृती आहे, तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला हवं. आपल्याकडे विकत घेणारे बरेच जण सिनेमाच्या नावावर पैसे टाकतात आणि पोस्टर कोणी रंगवलंय ते विचारतसुद्धा नाहीत. मला ते उफराटं वाटतं. कोपऱ्यात सही किंवा स्टुडिओचं नाव शोधा. दीवारसारख्या सत्तरीतल्या पोस्टरांवर पोस्टरचित्रकार दिवाकर करकरे यांच्या रंगाच्या सुरीच्या फटकाऱ्यांचा ठसा आहे, रंग जाड थापलेला, चेहऱ्यावर हिरवा-लाल बिनधास्त. कोल्हापूरची परंपरा तर बाबूराव पेंटरांपासूनची. 'कल्याण खजिना' या १९२४ च्या मूकपटाचं त्यांचं पोस्टर हे टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्र-पोस्टरांत मोजतात. जी. कांबळेही कोल्हापूरचेच. अशा हातांची ओळख झाली की री-रिलीज की पहिलं हा प्रश्न थोडा मागे पडतो.

आता पिंजरा, कारण इथे एक चकवा आहे. व्ही. शांताराम यांचा मराठी पिंजरा १९७२ चा. तोच सिनेमा पुढच्या वर्षी हिंदीत आला, नाव तेच, कलाकारही तेच. देवनागरीत दोन्ही पोस्टरांवर 'पिंजरा'च लिहिलेलं असणार. तुम्ही वरचा अर्धा भाग पाहिलात. खालच्या अर्ध्यात गीतकाराचं नाव शोधा: जगदीश खेबुडकर असेल तर मराठी. कुठेही उर्दू लिपीत शीर्षक दिसलं तर हिंदी. त्या काळच्या हिंदी पोस्टरांवर इंग्रजी, देवनागरी आणि उर्दू अशा तीन लिप्या असणं नेहमीचं होतं, मराठीवर उर्दूचं काही काम नाही.

मराठी निघालं तर माझ्या हिशेबी तिघांत तेच सगळ्यात मोलाचं. मराठी सिनेमाची पोस्टरं महाराष्ट्रापुरतीच लागायची, ती दिल्लीच्या किंवा कलकत्त्याच्या गोदामात सापडणार नाहीत. बुरशी आणि सेलोटेप दाखवून भाव पाडून घ्या, पण दीवारच्या बदल्यात वगैरे भानगडीत पडू नका. दीवार फुकट मिळालं तर घ्या, खोलीत लावायला बरं आहे.

खळ_आणि_टीपकागद

पिंजरा उलगडू दिलं नाहीत ते उत्तम केलंत. घेतल्यावर सुद्धा पहिल्या दिवशी उलगडू नका.

हा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्ल धरलेला. वर्षं जातात तसे त्याचे तंतू आखूड होतात, आणि घडीवर वाकायची ताकद संपते. कोरड्या हवेत उघडलात तर घडीची भेग होते. आधी ओलावा द्यायचा, पण वाफ किंवा इस्त्री नाही. झाकणाची मोठी प्लास्टिकची पेटी घ्या, तळाला ओला करून पिळलेला टीपकागद, त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर घडी केलेलं पोस्टर. पोस्टरला पाणी कुठेही लागता कामा नये. झाकण लावून एक-दोन तास. मध्ये दर वीस मिनिटांनी झाकणाला आतून थेंब जमलेत का बघा, जमले तर पुसून टाका. कागद मऊ पडला की एकेक घडी उलगडायची, मग कोरड्या टीपकागदांमध्ये ठेवून वर काच आणि वजन. टीपकागद पहिल्या तासात एकदा, मग सकाळ-संध्याकाळ बदलायचे, दोन दिवस. जुलैत मुंबईत असाल तर पेटीची गरजच नाही, हवाच तेवढी ओली असते.

पण तुमच्या पोस्टरला बुरशी आहे, म्हणून हे सगळं नंतर. जिवंत बुरशीला ओलावा दिलात तर दोन दिवसांत सगळीकडे पसरेल. आधी ते पोस्टर बाकीच्या कागदांपासून वेगळं करा. पंख्याच्या झोतात नको, सावलीत, हवेशीर जागी काही दिवस सुकू द्या. उन्हात टाकायचा मोह होतो, पण त्यात गुलाबी आणि जांभळा आधी उडतात. ठिपके कोरडे, भुकटीसारखे झाले की एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटकायचे. ओलसर असताना घासलेत तर रंग कागदात मुरतो आणि कायमचा डाग राहतो. झटकल्यावरही सावली राहील. ती राहू द्या. ब्लीच, व्हिनेगर, डेटॉल यातलं काही लावायचं नाही.

सेलोटेप: ओढू नका, वरची शाई घेऊन येईल. टेपचा प्लास्टिक पट्टा हेअर ड्रायरच्या मंद उष्णतेने सैल होतो, पण खालचा पिवळा गोंद काढायला द्रावक लागतात, आणि तेच द्रावक छपाईची शाईही विरघळवतात. हे काम कागदाचं संवर्धन करणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडेच द्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेचीही केंद्रं आहेत.

फाटलेलं स्वतः जोडायचं असेल तर गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी कोझो कागद, चौरस मीटरला ९ ते १२ ग्रॅमचा. खळ अशी: एक भाग शुद्ध गव्हाचा स्टार्च, पाच भाग डिस्टिल्ड वॉटर. अर्धा तास भिजवून ठेवा, मग पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत शिजवा. पांढरा रंग जाऊन अर्धपारदर्शक झाली आणि डावाला चिकटून संथ पडायला लागली की उतरवा. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळा आणि पाणी घालून पातळ दह्याइतकी करा. फ्रिजमध्ये चार दिवस टिकते, आंबट वास आला की फेकायची. मैदा किंवा कणीक चालत नाही. त्यात चिकट प्रथिन असतं, ते पिवळं पडतं, कडक होतं आणि कसर तर त्यावर तुटून पडते.

बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. वह्यांना ठीक आहे. पोस्टरला नको. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांबं कागदाचं कुजणं वाढवतं. काही वर्षांनी जोडाच्या जागी हिरवट-तपकिरी पट्टा दिसायला लागतो.

कोझोची पट्टी कात्रीने कापायची नाही. ब्रश ओला करून रेघ मारायची आणि त्या रेघेवर फाडायची, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि जोड वरून उठून दिसत नाही. रुंदी ८ ते १० मिलिमीटर, मागच्या बाजूने, खळ अगदी कमी. वर सिलिकॉनचा बटरपेपर, त्यावर टीपकागद, त्यावर वजन, रात्रभर. खळ लावायच्या आधी त्या भागातल्या प्रत्येक रंगाची चाचणी घ्या: कापसाच्या बोळ्याने डिस्टिल्ड वॉटरचा थेंब, अर्धं मिनिट थांबा, टीपकागद दाबा. टीपकागद रंगला तर तिथे ओली खळ नको.

लॅमिनेशनबद्दल एकच. गरम लॅमिनेशनमध्ये प्लास्टिक शाईत वितळून बसतं आणि फेव्हिकॉलने सनबोर्डवर लावलेला कागद पुन्हा निघत नाही. आतला आम्लपणा आतच राहतो आणि कागद प्लास्टिकच्या आत तपकिरी होत जातो. पोस्टर दिसत राहतं, पण संग्राहकाच्या लेखी ते गेलं.

भिंतीआड

खळवाल्यांचं सगळं मान्य, एक जोडतो. कापडावर चढवून घेण्याचा सल्ला इथे कुणीतरी देईलच, परदेशात ते फार चालतं. पोस्टरमागे आधी जपानी कागद, मग सुती कापड. ३० बाय ४० चं पोस्टर घडीवर तुकडे पडण्याच्या बेतात असेल तर ते कराच. पण कागद शाबूत असेल तर माझ्या मते करू नये. त्यात पूर्ण पोस्टर ओलं करावं लागतं, आपल्या शाया फुटतात, आणि मागचा शिक्का कायमचा झाकला जातो. मदर इंडियाचा तो अर्धवट शिक्का हाच त्याचा दाखला आहे.

ठेवायचं कसं. मुंबई-पुण्याच्या घरात नकाशाचं कपाट कुणाकडे असतं? दिवाणाखालची जागा बरी. आम्लरहित पुठ्ठ्याचे ८० बाय ११० सेंटिमीटरचे दोन तक्ते, मध्ये पॉलिएस्टरच्या पाकिटात पोस्टर, पाकीट ७५ ते १०० मायक्रॉनचं. आपल्या हवेत पाकीट चारही बाजूंनी बंद करू नका, दोन बाजू उघड्या. मागे अल्कलीयुक्त आम्लरहित कागद सरकवा. दुकानदार 'पॉलिएस्टरच आहे' म्हणून पीव्हीसी देतो. नव्या रेनकोटसारखा वास आला तर पीव्हीसी. खात्री करायची तर घराबाहेर तांब्याची तार लाल होईस्तोवर तापवा, प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. धूर हुंगू नका.

दिवाणाखालच्या पेटीत २५०-३०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायचं. ६५ च्या वर बुरशीला वाट मिळते, ३५ च्या खाली कागद ठिसूळ होतो. जेलचा रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास भाजून परत वापरा. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा तरी बघावं लागतं. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर त्यात काहीच ठेवू नका, मागचा पत्रा पहाटे घामेजतो. डांबरगोळ्या नकोत. वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही आणि बुरशीला त्याचं काही वाटत नाही. वेखंडाची पुरचुंडी आजीच्या पोथ्यांना असायची, ती हरकत नाही, पण पाकिटाच्या बाहेर. पूड कागदाला लागू देऊ नका.

भिंतीवर लावायचंच असेल तर अतिनील रोखणारं ॲक्रिलिक, ते आणि कागद यांत किमान ४-५ मिलिमीटर अंतर राहील असा स्पेसर, मागे आम्लरहित बोर्ड, आणि पोस्टर वरच्या कडेला कोझोच्या दोन बिजागऱ्यांवर लटकलेलं. चारही बाजूंनी चिकटवलं तर पावसाळ्यात फुगून लाटा येतात. फ्रेमच्या मागे रबरी गोट्या, म्हणजे भिंतीची ओल थेट लागणार नाही. पश्चिमेची भिंत सोडून.

तळओळ

मावसभावाचं राहिलं. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचं हस्तलिखित, नोंद वा दस्तऐवज असेल तर ७५ वर्षांपेक्षा जुना, खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमची पोस्टरं त्या रेषेच्या बरीच अलीकडची आहेत, तेव्हा पिंजरा किंवा री-रिलीजचं मदर इंडिया नेण्यात या कायद्याची आडकाठी नाही. पण उद्या प्रभातच्या काळातलं काही हाती लागलं, संत तुकाराम १९३६ चा आहे, तर 'छापील पोस्टर दस्तऐवजात मोडतं का' हा वाद विमानतळावर घालायची वेळ येऊ देऊ नका. पुरातत्त्व खात्याकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्यायचा.

पाठवायचं असेल तर पीव्हीसी पाइप नको. किमान १० सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर, नळीच्या बाहेरून गुंडाळा, छापील बाजू बाहेर, मध्ये आम्लरहित टिश्यू, आणि ते सगळं दुसऱ्या मोठ्या नळीत. आत सरकवलेलं पोस्टर काढताना कडा फाटतात. तडकणारं पिंजरा मात्र गुंडाळायचंच नाही, सपाट पाठवा नाहीतर पाठवू नका.

घडीमोड

दोन्ही घेतली. विक्रेत्याने शेवटी दीवार वर टाकलं. पिंजराच्या घडीत खालच्या बाजूने भिंगातून डोकावलो, 'खेबुडकर' वाचता आलं. उर्दू कुठे नाही. बुरशीचं वेगळं ठेवलंय. पण मदर इंडियाच्या घडीत एक चंदेरी किडा पळताना दिसला. कुणीतरी फ्रीजरचा उपाय सांगितला होता, ३० बाय ४० घरच्या फ्रीजरमध्ये कसं बसवायचं?

खळ_आणि_टीपकागद

घडीसकटच. सोळा चौकोनांची घडी साडेसात बाय दहा इंचांची होते, सहज बसते. कागद कोरडा आहे ना बघा, टिश्यूत गुंडाळा, झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि वर दुसरी पिशवी. घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर खोलीतली हवा थंड कागदावर दव धरेल. याने कसर आणि तिची अंडी मरतात. बुरशी मरत नाही, ती नुसती झोपते, म्हणून पिंजराला हा उपाय नाही.

आणि फ्रीजरमध्ये शेजारी मासे ठेवू नका.